घडी मोडताना

बॉयलर बंद पडलाय. रीगात उणे अकरा.
म्हणून विस्वाल्दिस आज कपड्यांतच उभा राहणार:
ओव्हरकोट, मफलर, बोटीवरचे जुने रबरी बूट.
स्कायद्रितेबाई म्हणाल्या, बरंच झालं.
उघडं अंग आपण होऊन बोलतं,
झाकलेल्याला विचारावं लागतं.

तीस सेकंद.
मोजायला अंडी उकडायचा टायमर,
तांबडा, टवका उडालेला.

मी बत्तीस वर्षं कोट शिवते.
मला वाटलं, आजचा दिवस आपला.
कॉलरचं टोक, त्याखालची टीप, तीन बटणं,
चौथ्या बटणाच्या काजापाशी पोचले
आणि टायमर ठणाणला.
कागदावर एक उत्तम कोट होता.
आत कुणी नव्हतं.

‘हा खुंटीवर आहे,’ बाई म्हणाल्या.

शेजारी रैतिस, वय अठरा,
त्याच्या कागदावर नुसती गुंतवळ,
चुरगळलेली तार जशी,
आणि त्या तारेतून म्हातारा सरळ चालत येत होता.
मला राग आला.
या पोराला बटणसुद्धा लावता येत नसणार.

पुढच्या पोझला बाई माझ्या मागे येऊन थांबल्या.
कापड टांगलंय कुठून, ते आधी बघ.
मग अडलंय कुठे.
बाकीचं आपोआप पडतं, त्याला तुझी गरज नाही.
माझ्या हातातला कोळसा घेऊन
त्यांनी एक खांदा दाखवला, एक कोपर,
आणि भार घेतलेलं ढोपर.
चुण्या तिथूनच सुटत होत्या,
खुंटाला बांधलेल्या जनावराने
दावं ओढावं तशा.

माझ्या धंद्यात चूण म्हणजे चूक.
काखेत चूण दिसली की मी म्हणते, खांदा बिघडला,
उसवते, पुन्हा टाचते, वाफ सोडते, दाबते.
बत्तीस वर्षं इस्त्रीखाली मारत आले
ते आता जिवंत काढायचं होतं.

आणि माझ्याकडे माणसं येतात तीही कशी?
टाचण्यांच्या भीतीने ताठ,
पोट आत, श्वास वर.
कोटाची घडी ती घरी जाऊन मोडतात.
माझ्या दुकानात कोट तयार होतो,
अंगावरचा होत नाही.

सहा कागद वाया. सात. नववा बरा, पण त्याला पाय नाहीत.
अकराव्यावर कोटाआधी पाठ आली,
जरा वाकडी.
वाकडीच होती. दोर ओढून ओढून
विस्वाल्दिसचा उजवा खांदा कायमचा उतरलाय,
आणि हे मला, माप न घेता, इतक्या उशिरा कळलं.

मग चहा.
त्याने कोट काढला, खिडकीपाशी झटकला,
बूच काढून थर्मासमधलं काहीतरी प्यायला, जे चहा नव्हतं,
आणि कोट पुन्हा घालायला लागला.
डावी बाही गेली. उजवी मिळेना.
हात पाठीमागे, मूठ वळलेली,
अस्तर उलटून बाहेर आलेलं,
हनुवटीखाली मफलर दाबून धरलेला,
आंधळा हात बाहीचं तोंड शोधतोय
आणि सगळं कापड
त्या एका न उचलणाऱ्या खांद्याकडे धावतंय.

टायमर लावलेला नव्हता.
माझ्या बशीत बिस्किट बुडून विरघळत होतं.
मानेपासून टाचेपर्यंत एक रेघ गेली,
दुसरी तिला आडवी, मुठीकडे.
बटणं नाहीत. कॉलर नाही.
बाहीही नाही,
नुसतं तिचं शोधणं.

बाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत,
टायमर घेऊन पुसत बसल्या.

मी विस्वाल्दिसला जाऊन सांगितलं,
उजव्या काखेत दोन सेंटिमीटर सोडायला हवेत,
गुरुवारी आणून दे, पैसे नकोत.
तो विचारात पडला.
गुरुवारी क्लास असतो, म्हणाला.
मग मी घालू काय?